समाजमाध्यमे आणि किशोरवयीनांची शरीरप्रतिमा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील नंदगड हे एक जुने बाजारपेठेचे गाव होय. कित्तूरच्या लढ्यातील सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ साली येथेच फाशी दिले. गावाजवळच्या त्याच्या समाधिस्थळी व्यायामाची लाकडी मुद्गले वाहण्याची प्रथा आहे. अपत्य नसलेली जोडपी रायण्णासारखे मूल व्हावे या श्रद्धेने ती अर्पण करतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी शरीराविषयी समाजाची धारणा काय होती, हे या प्रथेवरून स्पष्ट होते. चांगले शरीर कोणते, तर जे मुद्गल उचलू शकते, कष्ट उपसू शकते आणि प्रसंगी दुसऱ्यासाठी झिजते. ते दिसते कसे, हा प्रश्न तेथे गौण आहे.

आज या परिसरातील मुलामुलींच्या हाती, इतर सर्व खेड्यांप्रमाणेच, मोबाईल आलेला आहे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात 'रील' ही सोय सुरू केली. अल्पावधीत लहान लहान चलच्चित्रांचा अखंड प्रवाह खेड्यांतील घराघरांत पोहोचला. या प्रवाहात शरीराचे मोल ते काय करते यावरून ठरत नाही. ते छायाचित्रात कसे दिसते यावरून ठरते. मोजमापाच्या या बदलाचा किशोरवयीनांच्या मनावर, आहारावर आणि आरोग्यावर कोणता परिणाम होतो व त्याबाबत शाळेने आणि घराने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शरीरप्रतिमा म्हणजे काय?

प्रत्येक व्यक्तीच्या मनात स्वतःच्या शरीराचे एक चित्र असते. आपण उंच की ठेंगणे, जाड की कृश, सुंदर की कुरूप, यांविषयीच्या समजुती व त्यांच्याशी जोडलेल्या भावना मिळून हे चित्र तयार होते. यालाच मानसशास्त्रात शरीरप्रतिमा असे म्हणतात. ही प्रतिमा आरशातील प्रतिबिंबाइतकी वस्तुनिष्ठ नसते. निरोगी वजनाची मुलगी स्वतःला जाड समजू शकते आणि सुदृढ मुलगा स्वतःला किडकिडीत मानू शकतो. साधारणतः दहा ते एकोणीस या वयात शरीर झपाट्याने बदलते. मुलींच्या शरीरात या काळात मेद वाढणे हे वाढीचे नैसर्गिक लक्षण आहे. मुलांची उंची आधी वाढते व स्नायू मागाहून भरतात. नेमक्या याच वयात 'आपण इतरांसारखे आहोत ना?' ही शंका मनात सर्वांत प्रबळ असते.

तुलनेचे बदललेले क्षेत्र

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. स्वतःचे मूल्यमापन करण्यासाठी निश्चित माप उपलब्ध नसेल, तर मनुष्य इतरांशी तुलना करून ते करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. रूपाला कोणतेही निश्चित माप नसल्याने रूपाच्या बाबतीत तुलना अटळ ठरते. प्रश्न एवढाच, की तुलना कोणाशी करावयाची?

पूर्वी खेड्यातील मूल ज्यांच्याशी स्वतःची तुलना करी, ती माणसे त्याच्या परिचयाची असत. शेतात राबणारी आत्या, आठवडी बाजारात ओझे वाहणारा काका, वर्गातील मैत्रीण, देवळातील कीर्तनकार अशा सर्व वयांच्या व ठेवणींच्या माणसांत ते वाढे. त्यांचे रूप आणि त्यांचे काम, स्वभाव, हशा व आजारपण हे सारे एकत्रच दिसे. आज तुलना होते ती शेकडो अनोळखी चेहऱ्यांशी. त्या चेहऱ्यांमागचा माणूस दिसत नाही. अनेक छायाचित्रांतून निवडलेले, उजेड साधून घेतलेले आणि यंत्राने सुधारलेले एकच दिसते.

अर्थात जुना काळ निर्दोष होता, असे मानणे चुकीचे ठरेल. वधूपरीक्षेच्या वेळी मुलीला चालून दाखवावयास सांगणे, 'गोरी व सडपातळ' वधू हवी अशी जाहिरात देणे, वर्गात एखाद्याला 'जाड्या' किंवा 'काळ्या' हे नाव कायमचे चिकटवणे, हे सर्व आपल्याच समाजात घडत आले आहे. नंदगडच्या मुद्गलांनी जे शरीर गौरविले, तेही पुरुषाचे. मुलीच्या बळाचे कौतुक क्वचितच झाले. मात्र पूर्वी मुलीच्या वाट्याला दाखवून घेण्याचा जो प्रसंग आयुष्यात काही वेळा येई, तो आता मोबाईलच्या पडद्यावर दररोज येतो. आणि परीक्षा घेणारे किती व कोण, हे तिला माहीतही नसते.

फिजी बेटांवरील अनुभव

माध्यमामुळे शरीराविषयीची दृष्टी किती लवकर बदलू शकते, याचे एक बोलके उदाहरण फिजी बेटांवर पाहावयास मिळाले. तेथे भरलेल्या अंगाचे कौतुक असे व कोणी वाळला तर काळजी व्यक्त केली जाई. आपल्याकडे 'खात्यापित्या घरची' हा शब्दप्रयोग असाच कौतुकाचा आहे, आणि माहेरी आलेल्या लेकीला आई 'किती वाळलीस ग!' असेच म्हणते. फिजीच्या नाड्रोगा प्रांतात १९९५ साली दूरदर्शन संच आले. अॅन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. आहारविषयक विकाराकडे झुकल्याची लक्षणे १९९५ मध्ये १२.७ टक्के मुलींत होती; १९९८ मध्ये हे प्रमाण २९.२ टक्के झाले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम ओकारी काढल्याचे पहिल्या पाहणीत एकाही मुलीने सांगितले नव्हते. दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के मुलींनी ते सांगितले. दोन्ही वेळच्या मुली वेगवेगळ्या होत्या व त्यांची संख्या प्रत्येक वेळी साठ-पासष्टच्या आसपास होती. त्यामुळे या आकड्यांवरून टोकाचा निष्कर्ष काढता येत नाही. तथापि, पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा अवघ्या तीन वर्षांत हलू शकते, एवढे त्यावरून निश्चित दिसते. आणि ते तर ठराविक वेळी लागणारे, घरात सर्वांनी मिळून पाहावयाचे दूरदर्शन होते.

माध्यमाचे यंत्र कसे चालते?

समाजमाध्यम चालविणाऱ्या कंपन्यांचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे असते. प्रेक्षक जितका अधिक वेळ थांबेल, तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखविता येतात. म्हणून कोणते चित्र पाहताना बोट थबकले, कोणते दोनदा पाहिले, याची नोंद यंत्र ठेवते व त्याच जातीची चित्रे पुढे करते. समजा, नववीतील एखाद्या मुलीने 'सात दिवसांत वजन घटवा' असे एक चलच्चित्र कुतूहलाने पाहिले. यंत्राला तिचे वय, तिची प्रकृती, तिचे रक्ताचे प्रमाण यांच्याशी कर्तव्य नाही. ती थांबली, एवढेच त्याला कळते. मग तशीच दहा चलच्चित्रे तिच्यापुढे येतात आणि सारे जग वजन घटविण्याच्या मागे लागले आहे, असा तिचा समज होतो.

दुसरी गोष्ट छायाचित्राची. हातभर अंतरावरून स्वतःच घेतलेले छायाचित्र, म्हणजे 'सेल्फी', चेहऱ्याचे प्रमाण बिघडविते. भिंगाच्या जवळ असलेला भाग मोठा दिसतो, हा प्रकाशशास्त्राचा साधा नियम आहे. अमेरिकेतील शल्यवैद्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार १२ इंचांवरून घेतलेल्या छायाचित्रात नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसते. ५ फुटांवरून हा दोष जवळजवळ उरत नाही. म्हणजे ज्या नाकाबद्दल मुलगी खंत करते, ते नाक मुळात तिचे नसतेच. यावर उपाय म्हणून हेच माध्यम 'फिल्टर' पुरविते. फिल्टर त्वचा उजळ करतो, जबडा निमुळता करतो, डोळे मोठे करतो. स्वतःचाच असा बदललेला चेहरा वारंवार पाहिल्यावर आरशातला खरा चेहरा उणा वाटू लागतो. अशा सुधारलेल्या चेहऱ्यासारखी शस्त्रक्रिया करून मागणारे रुग्ण येऊ लागल्याचे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८ मध्येच नमूद केले होते.

अभ्यास काय सांगतात?

इन्स्टाग्रामच्या मूळ कंपनीने स्वतः केलेल्या पाहण्यांची कागदपत्रे सप्टेंबर २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकन वृत्तपत्राने उजेडात आणली. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत होते, त्यांपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटू लागल्याचे सांगितले होते. या माहितीचा अर्थ एकांगी लावला गेला, असा खुलासा कंपनीने केला. २०२३ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने काढलेल्या सूचनापत्रात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांच्या एका पाहणीचा उल्लेख आहे. समाजमाध्यमामुळे स्वतःच्या शरीराविषयी अधिक वाईट वाटते, असे ४६ टक्के मुलांनी म्हटले. फरक पडत नाही, असे ४० टक्क्यांनी. तर १४ टक्क्यांनी उलट बरे वाटते, असे सांगितले.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. एक, परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. जे मूल आधीच खचलेले, एकाकी किंवा चेष्टेचा विषय झालेले असते, त्याला इजा अधिक होते. दुसरी, केवळ पाहण्यांवरून कारण व परिणाम यांचा संबंध सिद्ध होत नाही. खिन्न मुले अधिक वेळ मोबाईल पाहतात, हेही शक्य आहे. म्हणून प्रत्यक्ष प्रयोगाला महत्त्व येते. कॅनडात १७ ते २५ वर्षांच्या २२० विद्यार्थ्यांवर केलेला असा एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांत चिंता किंवा खिन्नतेची काही लक्षणे होती. त्यांतील एका गटाला तीन आठवडे समाजमाध्यमांचा वापर दिवसाला एक तासापर्यंत आणण्यास सांगितले. या गटाचे स्वतःच्या रूपाविषयीचे व वजनाविषयीचे समाधान दुसऱ्या गटाच्या तुलनेत वाढल्याचे आढळले. उपाय अवघड नाही आणि परिणाम दिसण्यास फार काळ लागत नाही, ही त्यातील आशेची बाजू होय.

तालीम आणि 'सिक्स पॅक'

हा प्रश्न केवळ मुलींचा आहे, असा समज दूर करावयास हवा. बेळगाव-कोल्हापूर हा पट्टा कुस्तीचा. येथील पैलवानाचे शरीर कामासाठी घडते. जोर, बैठका, खुराक आणि विश्रांती यांनी ते वर्षानुवर्षे मुरते. पोटावरचे स्नायू मोजून कोणी कुस्ती लावत नाही. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ साली हेलसिंकी येथे मिळवून देणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलो वजनगटात खेळले होते. आजच्या रीलमधील फुगीर देहाच्या मापाने पाहिले, तर त्यांची गणना धिप्पाडांत होणार नाही.

रीलमधील देह पुष्कळदा प्रदर्शनापुरता असतो. छायाचित्रणापूर्वी पाणी तोडणे, अंगावर विशिष्ट कोनातून प्रकाश घेणे आणि काही वेळा उत्तेजक द्रव्यांचा वापर यांतून तो साधतो. त्याची बरोबरी करू पाहणारा मुलगा कितीही व्यायाम केला तरी स्वतःला किडकिडीतच मानू लागतो. या विकाराचे वर्णन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातच केलेले आहे. वाढीच्या वयात घेतलेल्या स्नायुवर्धक स्टेरॉईडमुळे उंची खुंटणे, यकृत व हृदय यांना इजा होणे, प्रजननक्षमता घटणे असे परिणाम संभवतात.

सावळ्या वर्णाची खंत

ज्या दैवताच्या दर्शनासाठी या भागातील वारकरी पंढरीची वाट धरतात, त्या विठ्ठलाचे सावळेपण मराठी माणसाने भूषण मानले. तोच माणूस सून निवडताना मात्र वर्ण पाहतो. या विसंगतीवर मोठा व्यापार उभा राहिला. १९७५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० साली काढण्यात आला. नाव बदलले तरी हव्यास गेला नाही. समाजमाध्यमांवरून निनावी मलमांची विक्री होते व त्यांतील काहींत तीव्र स्टेरॉईड किंवा पारा असतो. स्टेरॉईडयुक्त मलमाने आरंभी त्वचा उजळल्यासारखी वाटते. पुढे ती पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात आणि मलम सोडले की त्रास वाढतो. म्हणूनच २०१८ साली केंद्र शासनाने अशी १४ स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पारा मूत्रपिंडास घातक आहे. अकोला येथील एका कुटुंबातील मायलेकींच्या मूत्रपिंडविकाराचे मूळ अशाच मलमातील पाऱ्यात आढळल्याचे २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते.

ताटातील अन्नाशी संबंध

शरीराविषयीची खंत मनातच राहत नाही, ती ताटापर्यंत येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ या काळात देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय होता. ज्या वयात लोह, प्रथिने व उष्मांक यांची गरज सर्वाधिक, त्याच वयात सकाळची भाकरी टाळणे किंवा रात्री केवळ फळावर राहणे, याचा परिणाम थकवा, चक्कर, अनियमित पाळी व अभ्यासातील अनास्था असा दिसतो. शहरातील सुस्थित माणसासाठी सांगितलेला आहार शेतावर जाणाऱ्या व शाळेपर्यंत पायपीट करणाऱ्या मुलीने उचलणे म्हणजे आपल्याच अंगावर उपासमार ओढवून घेणे होय. वजन खरोखर अधिक असेल, तर त्याचा निर्णय डॉक्टरांनी करावयाचा, रीलने नव्हे.

कायद्याचे संरक्षण

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणा व उंची यांचा समावेश आहे. त्यामुळे 'हमखास उंची वाढवा' असा दावा करणारी औषधाची जाहिरात बेकायदेशीर ठरते. त्वचेच्या वर्णावरून कोणास कमी लेखणारी जाहिरात असू नये, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली ठरविले. पैसे घेऊन केलेल्या प्रसिद्धीवर तसा स्पष्ट उल्लेख असावा, हा नियम तिने २०२१ पासून समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींनाही लागू केला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिराती करण्यास व त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास प्रतिबंधाची तरतूद आहे. नॉर्वेमध्ये जुलै २०२२ पासून जाहिरातीतील शरीराचे चित्र बदलले असल्यास तसे नमूद करणे बंधनकारक झाले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. परंतु कायद्याचा हात घरातील पडद्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. तेथे पालक व शिक्षक यांनाच उभे राहावे लागेल.

शाळेसाठी काही उपक्रम

१. भिंगाचा प्रयोग : विज्ञानाच्या तासाला तोटी असलेले मातीचे भांडे किंवा चहाची किटली घ्यावी. तोटी समोर ठेवून मोबाईलने एक छायाचित्र एक फुटावरून व दुसरे पाच फुटांवरून घ्यावे. दोन्ही चित्रांत तोटीची रुंदी व भांड्याची रुंदी पट्टीने मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे. छायाचित्र खोटे बोलू शकते, हे मुले स्वतःच्या मापाने शिकतील. या प्रयोगासाठी कोणाही विद्यार्थ्याचा चेहरा वापरू नये.

२. आठवड्याची नोंदवही : मोबाईल वापरणाऱ्या विद्यार्थ्याने रोज पाहिलेल्या पाच चलच्चित्रांची नोंद करावी. त्यात काय विकले जात होते, त्यातून कोणाचा लाभ झाला आणि पाहिल्यानंतर मनास कसे वाटले, हे लिहावे. ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्यांनी बाजारातील जाहिरात फलकांची अशीच नोंद करावी.

३. शरीराने काय केले : महिन्यातून एकदा धावणे, दोरीवरच्या उड्या, तोल सांभाळणे, गायन किंवा हस्तकला यांपैकी विद्यार्थ्याने निवडलेल्या गोष्टीतील प्रगती नोंदवावी. तुलना स्वतःच्या मागील महिन्याशीच असावी. अपंग किंवा आजारी मुलास आपल्या परीने सहभागी होता आले पाहिजे. अन्यथा बळ हेही रूपासारखेच जाचक माप होऊन बसेल.

४. नावांचा नियम : वर्ण, वजन किंवा उंची यांवरून ठेवलेली नावे वर्गात वापरली जाऊ नयेत. हा नियम विद्यार्थ्यांप्रमाणेच शिक्षकांसही बंधनकारक असावा. वजन व उंची मोजताना आकडे मोठ्याने वाचून दाखवू नयेत.

पालकांनी जेवणाच्या वेळी व झोपण्याच्या खोलीत मोबाईल न ठेवण्याची शिस्त स्वतःपासून सुरू करावी. मुलांसमोर स्वतःच्या किंवा इतरांच्या शरीराची निंदा टाळावी. मूल जेवण चुकवू लागले, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊ लागले, खेळाच्या तासाला गैरहजर राहू लागले, एकसारखे आरशात पाहू लागले किंवा आरसा टाळू लागले, तर रागावण्याऐवजी विश्वासात घेऊन बोलावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्य साहाय्यसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य व प्रादेशिक भाषांतून उपलब्ध आहे.

समाजमाध्यमातून शेतीची माहिती मिळते, दूरगावी गेलेल्या नातेवाइकांची भेट होते, एखाद्या खेड्यातील मुलीची कला जगापुढे येते. ते टाकून देण्याची भाषा व्यवहार्य नाही. परंतु त्याने पुढे केलेले माप आपल्या मुलांच्या अंगाला लावावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार समाजाने सोडू नये. आपले शरीर हे जगण्याचे, शिकण्याचे व इतरांच्या उपयोगी पडण्याचे साधन आहे, ही जाणीव ज्या मुलात रुजेल, त्याला पडद्यावरची परीक्षा फारशी बाधणार नाही. ती रुजविण्याचे काम घर आणि शाळा यांनी मिळून करावयाचे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात कोणाच्या शरीराचे कौतुक होते व ते कशासाठी? मुलगे व मुली यांच्याबाबत त्यात कोणता फरक आढळतो?

२. 'गोरी व सडपातळ' हे शब्द विवाहाच्या जाहिरातींतून गेल्यास कोणाचे काय बिघडेल?

३. एखाद्या चलच्चित्रातील माहिती सल्ला आहे की जाहिरात, हे कोणत्या खुणांवरून ओळखता येईल?